मामांचा मुआयना

माझ्या नणंदेच्या सासऱ्यांइतकी घरांवर माया करणारा आणि घरात राहणाऱ्या माणसांकडं ढुंकूनही न बघणारा माणूस उभ्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. ते आता नाहीत म्हणून गोड बोलते आहे असं समजू नका. मला गोड बोलता येत नाही. ते होते तेव्हाही मी हेच म्हणत होते, आणि त्यांच्या तोंडावर म्हणत होते. त्यांना ते ऐकू जायचं नाही, कारण त्या वेळी त्यांचा कान कुठल्या तरी भिंतीला लावलेला असायचा.

आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. उंचीनं ताडमाड, पण कायम बुटक्या दारातून आत शिरत असल्यासारखे वाकलेले. डोक्याला मुंडासं आणि अंगात एक खाकी कोट. निजामाच्या राज्यात सरकारी बांधकाम खात्याला तामिरात म्हणायचे. मामा त्यात बिगारी म्हणून लागले आणि मिस्तरी होऊन बाहेर पडले. राज्य गेलं, खात्याचं नाव बदललं, कोट राहिला. कोटाच्या उजव्या खिशात ओळंबा, डाव्या खिशात गेरूचा खडा, आणि हातात बाभळीची काठी, तिच्या टोकाला लोखंडी टोपण. या तीन वस्तूंवर त्यांनी वसमतपासून सेनगावपर्यंतची घरं पारखली. कुणाला जुनं घर विकत घ्यायचं असलं की आधी मामांना निरोप जायचा. मामा त्याला तपासणी म्हणायचे नाहीत, मुआयना म्हणायचे. तो शब्दही तामिरातीतलाच, कोटासारखा अंगाला चिकटलेला. मामांनी भिंतीवर काठी आपटून 'बराबर' म्हटलं की सौदा पक्का. गेरूनं फुली मारली की मोडला. फुलीवर कुणी दुसऱ्यांदा वाद घातलेला मला आठवत नाही, कारण ज्यांनी घातला होता त्यांची घरं पुढं पावसानंच समजावून सांगितली.

बदल्यात मामा एक नारळ आणि एक वेळचं जेवण घ्यायचे. पण जेवण मुआयन्यानंतर. आधी घोटभर पाणीसुद्धा नाही. पाण्याचा तांब्या ते घरून घेऊन यायचे. मी एकदा विचारलं, एवढं काय त्यात. तर म्हणाले, "बाई, ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या भितीचा खार दिसत न्हाई." आणि खार ते जिभेनंच बघायचे. भिंतीच्या बुडाची माती नखानं खरवडायची, चिमूटभर जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे, थुंकायची. खारट माती असली की भिंत आतून झडते. चुलीजवळची माती वेगळी लागते, न्हाणीजवळची वेगळी, असं ते सांगायचे. आपल्या घरच्या आमटीत मीठ कमी पडलं तर त्यांना कळायचं नाही. सून वाढेल ते खायचे. पण कुरुंद्याच्या कुणाच्या पडवीची माती वीस वर्षांपूर्वी कशी लागली होती ते त्यांना पाठ होतं.

माणसांची नावं मात्र त्यांच्या ध्यानात राहत नसत. माणसं ते घरांवरून ओळखायचे. 'उत्तरंच्या भितीला पोट आलेला' म्हणजे कुरुंद्याचा एक दुकानदार. 'पन्हाळ उलटी बसवलेली' म्हणजे आमच्या गावची सुईण. लग्नात गेले की नवरानवरी राहिली बाजूला, ओळंबा काढून मांडवाचा खांब सरळ आहे का बघायचे. एकदा कुणाच्या तरी दहाव्याला गेले. बाया रडत होत्या, माणसं मुंडकी खाली घालून बसली होती, आणि मामा मान वर करून दाराच्या चौकटीकडं बघत होते. शेवटी ज्याचा बाप मेला होता त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ही वरची पट्टी तडकली, लौकर बदल. न्हाई तं आमाला पुन्हा यावं लागंल." त्या पोरानं रडता रडता पट्टी बदलली. असं मामांचं सांत्वन.

आमची वस्ती गावाच्या कडेला. कुठल्या वस्तीतला माणूस कुठल्या उंबऱ्याच्या आत येतो आणि कुठल्या नाही, हे तेव्हा सगळ्यांना न सांगता माहीत असायचं. एका गावच्या पाटलानं मामांना घर बघायला बोलावलं आणि ओट्याखाली उभं करून म्हणाला, बाहेरूनच सांग. मामा म्हणाले, "बाहेरून बाहेरचं सांगतो. आतलं आतून." बाहेरच्या भिंती वाजवल्या, बराबर म्हणाले आणि निघाले. पाटलानं घर घेतलं. पुढच्याच भादव्यात आतली तुळई खाली आली. जीव कुणाचा गेला नाही, एक शेळी गेली. त्यानंतरचं घर घेताना पाटलानं मामांना हाताला धरून देवघरापर्यंत नेलं. मामा ही गोष्ट हसत सांगायचे आणि शेवटी एवढंच म्हणायचे, "तुळई पडताना जात इचारत न्हाई."

ते आमचे सोयरे कसे झाले तेही ऐका. माझी धाकटी नणंद कौसल्या, तिला बघायला ते मुलाला घेऊन आमच्या घरी आले होते. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. सासूबाईंनी गूळपाणी पुढं केलं, मामांनी हात लावला नाही. गूळपाणी घेतलं नाही म्हणजे पाव्हण्यांना मुलगी पसंत नाही. कौसल्या पाटावर येऊन बसली, मान खाली. मामा मान वर. मग ते उठले, मधल्या खणाच्या तुळईवर काठीनं तीन वेळा ठोकलं, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "बराबर. पसंत हाय." माझे सासरे म्हणाले, पाव्हणं, पोरगी तरी बघा. तर म्हणाले, "ज्या घरात तुळईला दर साल तेलपाणी हाय, त्या घरची पोरगी काय बघायची." आणि मग गूळपाणी घटाघटा प्याले. कौसल्याला त्यांनी तोंड वर करून कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. पुढंही तिला 'तुळईवाली' म्हणायचे. कौसल्या मला म्हणायची, "वयनी, मी उद्या चालती झाले तर मामाजी दुसरीला 'तुळईवाली' म्हणून हाक मारतील, त्यास्नी कळणार बी न्हाई." पण तिला ते कधी वावगा शब्द बोलले नाहीत. सासरा म्हणून तेवढं पुष्कळ असतं.

आता मी माझ्यावर येते. आमचं घर तीन खणांचं, माळवदाचं. आमच्याकडं लाकडाच्या तुळयांवर काटक्या पसरून वर मातीचं सपाट छत घालतात, त्याला माळवद म्हणतात. दर साल पावसाच्या आधी त्यावर जुन्या गावठाणातली पांढरी माती आणून दाबायची, म्हणजे गळत नाही. पण सत्तर सालानंतरच्या त्या दुष्काळात पाऊसच नव्हता, तर पांढरी कशाला कोण आणतं. आम्ही सगळे खडी फोडायला जायचो. दोन-तीन वर्षं माळवदाकडं कुणी पाहिलं नाही. मग पाऊस आला तो थेट घरात आला. मधल्या खणाची तुळई भिजली, तिला वाळवी लागली. सासूसासरे तोवर गेले होते. माझी पोरगी सुमन, तिचे वडील हिंगोलीला एका कचेरीत शिपाई झाले होते, चार जणांत मिळून एका खोलीत राहायचे आणि शनिवारी एस.टी.नं घरी यायचे. गावात मी आणि सुमन.

सुमन सातवीला होती. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. मी स्वतः चौथी शिकले आणि तिथं थांबले. का थांबले ते मला कुणी विचारलं नव्हतं. सुमनसाठी नात्यातल्या दोन ठिकाणांहून निरोप येऊन गेले होते. मी सुमनच्या वडलांना सांगितलं, जूनच्या आत मला आणि पोरीला हिंगोलीला न्या, नाही तर पुढच्या उन्हाळ्यात तिच्या लग्नाचा मांडव घाला, मधलं काही नाही. त्यांनी हिंगोलीत एका गल्लीत दोन खोल्या बघून ठेवल्या. त्या घ्यायच्या तर गावचं घर विकलं जायला हवं. गिऱ्हाईक होतं. आमच्याच वस्तीतला सटवाजी, त्याच्या पोराचं नुकतंच लग्न झालं होतं आणि त्याला पोराला वेगळं घर द्यायचं होतं. बोलणं झालं. सटवाजी उठता उठता म्हणाला, "वयनी, घर तं आमच्या डोळ्यासमोरचंच हाय. पर एक डाव मामाचा मुआयना होऊन जाऊ द्या."

सुमनचे वडील खूश झाले. मुआयना करणारा म्हणजे आपल्याच बहिणीचा सासरा. मी खूश झाले नाही. तुळईत बोट जात होतं हे मला माहीत होतं.

मामा यायला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत मी घराला असं नटवलं की नवरीला कुणी नटवलं नसेल. सुमन आणि मी टोपल्यांनी पांढरी आणली, मधल्या खणावर घातली, पाणी शिंपून ठोकून दाबली. भिंतींना शेणामातीचा हात दिला, वर निळीचा चुना. मागच्या कोपऱ्यात ओल होती, तिथं ज्वारीची कणगी सरकवून भिंतीला लावली. पूर्वेच्या भिंतीला हातभर तडा होता. त्याच्यावर बुद्धाची तसबीर लावावी असं एक क्षण मनात आलं, पण तसबिरीआड खोटं लपवायला मन घेईना, म्हणून खिळा ठोकून तिथं सूप टांगलं. खोटं लपवायला सूप चालतं. तुळईतली वाळवीची भोकं ओल्या मातीनं बुजवली, आणि दिव्याची काजळी जवसाच्या तेलात कालवून तुळईला वरून चोळली, म्हणजे धुरानं काळी झालेल्या जुन्या लाकडासारखी दिसावी. सुमन माझ्या हाताखाली सगळं करत होती. तिनं विचारलं, "माय, आपुन हे काहून करून राहिलो?" मी म्हणाले, "घर जुनं दिसू नये म्हणून." तिनं पुन्हा विचारलं नाही. हुशार होती.

मामा आले ते पायी आले. सटवाजी त्यांच्या मागं. सुमनचे वडील रजा टाकून घरीच होते. मी दारातून बघत होते. मामा आमच्या घरापासून पन्नास पावलांवर थांबले आणि माळवदाकडं बघत उभे राहिले.

"सटवाजी," ते म्हणाले, "महिना कोणता?"

"माघ हाय, मामा."

"माघात माळवदावर पांढरी? कोणाचं लगीन हाय का घरात?"

मला तिथंच कळायला हवं होतं. पांढरी घालायची असते वैशाखात. माघात घातलेली पांढरी म्हणजे भर दुपारी दिवा लावून ठेवल्यासारखं. चार गावांवरून दिसतं, इथं काहीतरी लपवलं गेलंय. पण आम्ही दोघी मायलेकी आठ दिवस टोपल्या वाहत होतो, महिन्याचा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही.

मी चहा टाकते म्हणाले. त्यांनी हातानंच नको केलं. आत आले, मुंडासं काढून सुमनच्या हातात दिलं आणि आपला तांब्या जमिनीवर थोडा सांडून पाणी कुठं जातं ते पाहिलं. पाणी कोपऱ्याकडं गेलं, कणगीखाली शिरलं. मामा पाण्याच्या मागं गेले.

"कणगी भितीला टेकून कोन ठिवतं?" ते भिंतीलाच विचारल्यासारखं म्हणाले. "उंदराला पाट मांडला काय?"

खरं होतं. कणगी भिंतीपासून हातभर लांब ठेवतात, उंदीर भिंतीवरून चढू नये म्हणून. लहान पोराला ठाऊक असतं. त्यांनी कणगी सरकवायला लावली, ओल बघितली, माती चाखली, थुंकले. मग सुपापाशी आले. सूप चुलीपाशी असतं, ते परक्या भिंतीवर का, असं काही बोलले नाहीत. नुसतं उचललं, तडा पाहिला, सूप पुन्हा नीट खिळ्याला अडकवून ठेवलं. ते बघून मला जास्त लाज वाटली.

मग ते मधल्या खणात आले. त्यांनी काठी उचलली. तुळईच्या टोकाला ठोकलं, खणखणीत वाजली. दोन हात पुढं ठोकलं, वाजली. मधोमध ठोकलं तर कुजक्या भोपळ्यावर थाप मारावी तसा आवाज आला. पुन्हा ठोकलं. पुन्हा तोच. त्यांनी ओळंब्याचं टोक तुळईला लावलं आणि नुसतं दाबलं. ओल्या गुळात बोट जावं तसं आत गेलं. ओळंब्याला लागलेलं काळं त्यांनी बोटांत चोळलं, नाकाशी नेलं.

"जवस," ते म्हणाले. "मागं पाह्यली तवा धुरानं काळी व्हती."

मामांनी वरच बघत विचारलं, "हिच्याखाली कोन झोपतं?"

"मी," सुमन म्हणाली.

हे मला आधी सुचलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. सुचलं होतं. जूनपर्यंतचे दिवस निघून जातील, मग आपण कुठं आणि तुळई कुठं, असं मी मनाला सांगितलं होतं. आपल्यानंतर तिथं सटवाजीची नवी सून झोपेल, हे मात्र मनात येऊ दिलं नव्हतं. मनालाही सूप टांगता येतं.

मामांनी गेरूचा खडा काढला आणि तुळईवर फुली मारली. "सटवाजी, घर घिऊ नको. दोन पावसाळे काढंल. तिसऱ्यात खाली येईल." मग खडा खिशात टाकत म्हणाले, "याच तुळईवर भरोसा ठिऊन म्या पोरगी केली व्हती. पोरगी टिकली, तुळई न्हाई टिकली."

सटवाजी चप्पल घालून निघून गेला. गिऱ्हाईक गेलं, हिंगोली गेली, शाळा गेली, असं मला दिसत होतं. आणि मामा जमिनीवर बसत, नेहमीच्या रिवाजानं म्हणाले, "बाई, आता वाढ."

माझ्या अंगाची आग झाली. मी म्हणाले, "पीठ संपलं."

घरच्या लेकीच्या सासऱ्याला, तोही दोन कोस पायी आलेला, भरल्या घरातून उपाशी पाठवायचा, हे आमच्यात कुणी केलेलं मी ऐकलं नव्हतं. सुमनचे वडील माझ्याकडं बघत राहिले. मामा उठले. सुमनच्या हातातून मुंडासं घेतलं, डोक्याला गुंडाळलं. "बराबर," ते म्हणाले, आणि गेले.

त्या रविवारी सुमनचे वडील माझ्याशी न बोलता हिंगोलीला गेले. मीही त्यांच्याशी बोलले नाही. नात्यातल्या त्या दोन ठिकाणांपैकी एकाला येऊन बघून जा म्हणून निरोप पाठवावा का, इथपर्यंत माझा विचार गेला होता. सुमनचं अंथरूण तेवढं मी तुळईखालून काढून चुलीच्या खोलीत घातलं.

पंधरा दिवसांनी सकाळी दारात बैलगाडी वाजली. गाडीत कडूनिंबाची एक तुळई, तासून, तेल पाजून तयार. तुळईवर मामा बसलेले. खाली उतरले आणि माझ्याकडं न बघता माळवदाकडं बघत म्हणाले, "सटवाजीला बलाव. हिंगोलीच्या पाव्हण्याला निरोप दे. तीन दिवस माणसं लागतील."

"कशाला?" मी म्हणाले.

"खोटं घर मी इकू देणार न्हाई," ते म्हणाले. "खरं करून देतो, मंग इक."

मी आत गेले आणि तवा ठेवला. त्यांना पाण्याचा तांब्या दिला, त्यांनी घेतला. ताट वाढून पुढं ठेवलं. मला वाटलं ते नको म्हणतील. त्यांनी भाकरी मोडली. "आज मुआयना न्हाई," म्हणाले. "आज काम हाय. कामाला भाकर लागती." चार भाकरी खाल्ल्या. पाचवी वाढताना मी म्हणाले, "त्या दिवशी पीठ व्हतं."

"मला म्हाईत हाय," मामा म्हणाले. "संपलं म्हणताना तुझ्या कोपराला लागलेलं व्हतं."

यापलीकडं त्या गोष्टीवर आम्ही दोघं कधी बोललो नाही.

तीन दिवस काम चाललं. टेकू देऊन माळवद उचलून धरलं, जुनी तुळई काढली. ती खाली टाकली तेव्हा मधोमध दोन तुकडे झाले आणि आतून नुसता भुसा निघाला. सटवाजीनं तो हातात घेऊन पाहिला आणि माझ्याकडं पाहिलं. मी नजर खाली घातली. आयुष्यात कमी वेळा घातली आहे. नवी तुळई बसली, तडा भरला, ओलीचा कोपरा खणून दगडानं बांधला. शेवटी मामांनी काठी उचलून तुळईवर तीन ठिकाणी ठोकलं आणि सटवाजीला म्हणाले, "ऐक. बराबर." सटवाजीनं घर घेतलं. ठरल्या पैशातला एक रुपया कमी केला नाही, उलट सुमनला जाताना वहीपेन दिलं. तुळई कुठून आणली हे मामांनी सांगितलं नाही. आम्हीही मोठ्या आवाजात विचारलं नाही. विचारलं असतं तर फेडायचं बघावं लागलं असतं, आणि तेव्हा ऐपत नव्हती.

जूनमध्ये आम्ही हिंगोलीला आलो. तेव्हा हिंगोली तालुकाच होतं, जिल्हा फार नंतर झाला. सुमन आठवीत बसली. मामा एकदा बाजाराला आले तेव्हा आमच्या दोन खोल्या बघून गेले. जेवणाआधी, अर्थातच. "भिती बऱ्या हाईत, शेजार पोकळ हाय," म्हणाले, आणि तेही खरं निघालं. सुमन पुढं शिकली, मास्तरीण झाली. तिच्या पहिल्या नोकरीचे पेढे घेऊन मी कौसल्याकडं गेले. मामांच्या हातावर पेढा ठेवला तर त्यांनी विचारलं, "शाळंचं छत कशाचं हाय?" पत्र्याचं आहे म्हणाले तर त्यांना सुमनची काळजी वाटली. पेढा खिशात घातला, ओळंब्याजवळ.

शेवटची भेट त्यानंतर दोन-तीन वर्षांनी झाली. कौसल्याचा निरोप आला, मामाजी अंथरुणाला खिळलेत, बघून जा. मी गेले. मामा मधल्या खोलीत बाजेवर पडले होते, तोंड वर, छताकडं. कोट खुंटीला होता. कौसल्या म्हणाली, कान पार गेले आहेत, काहीच ऐकू येत नाही. ज्या माणसानं सगळ्या तालुक्याच्या भिंती ऐकल्या, त्याचे कान गेले. आता त्यांना बोललेलं कळायचं असेल तर बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघावं लागायचं. मी बाजेशी बसले तर त्यांनी माझ्याकडं पाहिलं. पंचवीस वर्षांच्या सोयरिकीत त्यांनी माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं ते तेव्हाच. त्यांचे डोळे घारे होते. मला माहीत नव्हतं.

मग मी वर पाहिलं. ते ज्या तुळईखाली पडले होते, तिच्या मधोमध खालून एक टेकू लावलेला होता. बाभळीचा, जुना, हात लागून लागून गुळगुळीत झालेला. मी कौसल्याकडं पाहिलं. ती म्हणाली, "इथं बदलायला कडूनिंबाची तुळई तासून ठिवली व्हती त्यांनी. ती गाडीत घालून कुठं नेली ते तुला ठावंच हाय. मंग दुसरी काय झाली न्हाई."

कौसल्यानं ताट वाढून आणलं आणि माझ्यापुढं ठेवलं. मी हात धुवून बसणार तर मामांनी बोट हलवून मला थांबवलं. आवाज बारीक झाला होता. "आदी मुआयना," ते म्हणाले. कोपऱ्यातली काठी दाखवली. "मला ऐकू येत न्हाई. तू ऐक."

मी काठी घेतली. ती मला वाटत होती त्याहून जड होती. तुळईच्या टोकाला ठोकलं, वाजली. दोन हात पुढं ठोकलं, वाजली. मधोमध, टेकूच्या शेजारी ठोकलं. तो आवाज मी एकदा ऐकला होता, विसरण्यासारखा नव्हता. मामा माझ्या तोंडाकडं बघत होते. कौसल्या त्यांच्या डोक्यामागून मला हातानं खूण करत होती, चांगलं आहे म्हण, चांगलं आहे म्हण.

मी बाजेवर वाकले आणि त्यांना ओठ दिसतील असं सावकाश म्हणाले, "पोकळ हाय, मामा."

"बराबर," मामा म्हणाले. आणि हसले. त्यांना पुढचे दात नव्हते हेही मी तेव्हाच पाहिलं. "आता जेव."

मी तिथंच बाजेशेजारी बसून जेवले. ज्वारीची भाकरी होती आणि आमटी. आमटीत मीठ फार झालं होतं. कौसल्याला एरवी मी ते सांगितल्याशिवाय उठले नसते. त्या दिवशी उठले.